सिस्टरांची कूस बदलताना

सोमवारी सकाळी तुमच्या हातातून चहाचा कप पडला. शेजारच्या बाईंनी दार ढकललं तेव्हा तुम्ही जमिनीवर होतात. डावा हात आणि डावा पाय हलत नव्हते. बाईंनी रिक्षा बोलावली आणि मला फोन केला.

सिस्टर, तिथून पुढचं सगळं माझ्या मनात एका लांबलचक दुपारसारखं साठून राहिलं आहे. किती आठवडे गेले ते मोजावंसं वाटत नाही. डोळे मिटले की राहू गावातली, तुमच्या भाचीच्या घरची ती खोली दिसते. खिडकीबाहेर ऊस, उसावरून सरकत जाणारा वारा, वाऱ्याबरोबर कुठल्या तरी गुऱ्हाळाचा गोड, किंचित जळका वास. खाटेवर तुम्ही भिंतीकडे तोंड करून, आणि मी तुमच्या मागे बसलेला. तुमची पाठ मला दिसायची, तुम्हाला दिसायची नाही. अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या पाठी बघण्यात गेली, आणि आता स्वतःची पाठ तुम्हाला माझ्याकडून ऐकावी लागत होती.

"पाटील, सांग."

"बरी आहे."

"बरी म्हंजी काय? वॉर्डात असा रिपोर्ट दिला असतास तर कान धरला असता तुझा."

जगात मला पाटील म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. मांडवगणातून मी शिरूरला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला आलो, तेव्हा गावात चेष्टेला ऊत आला होता. आमचे थोरले चुलते पारावर बसून सांगायचे, "बागायत जमीन सोडून आमचं पोरगं लोकांची ढुंगणं पुसतंय." हे तुमच्या कानावर कसं आलं देव जाणे. पुढे तेच काका खुबा मोडून आमच्याच वॉर्डात दाखल झाले. दुपारच्या फेरीला तुम्ही स्पिरिट, पावडर आणि टॉवेल ठेवलेला स्टीलचा ट्रे माझ्या हातात दिलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "पाटील, तुमच्या काकांची पाठ तुम्हीच करा." काकांनी डोळे गच्च मिटून घेतले. मी त्यांना कुशीवर घेतलं, पाठ पुसली, चोळायला लागलो. थोड्या वेळानं उशीत तोंड खुपसूनच ते म्हणाले, "जरा वर चोळ की. व्हय, तिथंच." तुम्ही तोंड फिरवलंत. खांदे हलत होते, म्हणजे हसत होतात.

त्या वॉर्डात हवेची गादी नव्हती. पुरेशा उशाही नव्हत्या. एक सिस्टर, एक आया, माझ्यासारखी शिकाऊ पोरं, आणि खाटेखाली डबा घेऊन बसलेले नातेवाईक. लकवा झालेली माणसं, मणका मोडलेली माणसं, ऊसतोडीच्या गाडीखाली सापडलेली माणसं महिनोन्‌महिने तिथं पडून असायची. त्यांच्या घरच्यांना वाटायचं, दुखणेकऱ्याला हलवू नये, निवांत पडू द्यावं. तुम्ही त्यांना निवांत बसू द्यायचा नाहीत. "ए मावशे, नुसती बघत बसू नको. इकडून धर, चादरीसकट उचल, ओढू नको. आन् हा जावई काय पेपर वाचायला आलाय व्हय?" जावई पेपर टाकून उठायचा. एकेक पाठ उघडी व्हायची, पुसली जायची, चोळली जायची. हाडकुळ्या म्हाताऱ्यांना तुम्ही जुन्या लुगड्याची चुंबळ वळून द्यायचा, डोक्यावर हंडा ठेवताना घेतात तशी, आणि ती माकडहाडाखाली ठेवायचा. हाड अधांतरी राहिलं की पडून पडून पाठ फुटायची नाही, जखम व्हायची नाही, असं तुमचं म्हणणं. मी तुमच्याकडून तेच शिकलो. तेव्हा आम्ही सगळेच असं शिकायचो. थोरल्या सिस्टरांचा हात बघायचा आणि आपला हात तसा फिरवायचा.

मग मी पुढचं शिकायला पुण्याला गेलो. तिथल्या ग्रंथालयात एका दुपारी मी वाचलं, की लाल झालेल्या जागी चोळायचं नसतं. दबून राहिल्यानं तिथलं मांस आधीच दुखावलेलं असतं आणि चोळण्यानं ते आतून आणखी फाटतं. चुंबळीसारखी गोल गादी द्यायची नसते, कारण तिची कड भोवताली दाबते आणि मधल्या जागेचं रक्त अडतं. करायचं ते एवढंच, की माणसाला वेळोवेळी थोडं थोडं कुशीवर वळवत राहायचं, टाचा उचललेल्या ठेवायच्या, कातडी कोरडी ठेवायची, पोटात दूध-अंडं जाईल असं बघायचं. पुस्तकात चित्रं होती. सगळ्या पाठी गोऱ्या, त्यांच्यावर गुलाबी डाग. मी कितीतरी वेळ त्या चित्रांकडे बघत राहिलो होतो. पंखा फिरत होता आणि पानावर मला सारखा तुमचा हात दिसत होता, गोल फिरणारा.

तुम्हाला हे सांगायला मी बराच काळ घेतला. तुम्ही निवृत्त झाला होतात, मी नर्सिंगचा मास्तर होऊन शिरूरला परत आलो होतो. तुमच्या ओट्यावर तुम्ही मेथी निवडत होतात. मी सगळं सांगितलं, तुम्ही सगळं ऐकलंत.

"म्हंजी मी लोकांच्या पाठी फाडल्या म्हण की."

"तसं नाही, सिस्टर."

"मंग कसं?"

"तुमच्या वॉर्डात पाठी फुटत नव्हत्या हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण ते चोळण्यामुळं नव्हतं. चोळायसाठी तुम्ही प्रत्येकाला वळवायचा, त्यामुळं होतं."

तुम्ही मेथीची एक जुडी संपवलीत. दुसरी घेतलीत. मग विचारलंत, "चहा ठेवू का?"

तेवढ्यावर तो विषय मिटला असं मला वाटलं. तो कसला मिटतोय! दर नाताळाला मी तुमच्याकडे फराळाला यायचो आणि करंजीची बशी पुढे करताना तुम्ही बसलेल्या सगळ्यांना सांगायचात, "ह्यो आमचा मास्तर. पेशंटला हात लावू नका म्हणून शिकवतो पोरींना." मी म्हणायचो, "हात लावा म्हणतो. लाल जागी चोळू नका म्हणतो." "एकच की ते." "एक नाही ते, सिस्टर." एका वर्षी मी तुम्हाला माझ्या वर्गातल्या मुलीची गोष्ट सांगितली. तिनं पेपरात सगळं बरोबर लिहिलं होतं आणि वॉर्डात मात्र ती एका आजीचं माकडहाड मन लावून चोळत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "सर, पेपरात तुमचं लिहायचं आणि वॉर्डात सिस्टरांचं करायचं, असंच असतं ना?" तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांना पदर लावावा लागला. नंतर गंभीर होऊन विचारलंत, "पोरगी चांगली हाय का कामाला?"

या लकव्यानंतर दवाखान्यातून तुम्हाला राहूला आणलं, तेव्हा माकडहाडाजवळ डाग होता. सुनंदाच्या घरी तुम्ही जाणार हे ठरलेलंच होतं. तुम्हाला मूलबाळ नाही, आणि सख्ख्या बहिणीची ही लेक तुमच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. तिनं शेताकडची खोली सारवून-पुसून ठेवली होती, आणि खाटेवर मधोमध एक नवीकोरी चुंबळ. तुमच्या हुकमावरून वळलेली. इतकी सुबक होती की ती उचलून बाजूला ठेवताना मला कसंसंच झालं.

"ठेव ती तिथं," तुम्ही म्हणालात. जीभ जड झाली होती, पण हुकूम तोच.

"नको, सिस्टर."

"माझ्या पाठीवर तुझं पुस्तक चालवतोस व्हय?"

सुनंदा आमच्या दोघांच्या मध्ये उशी छातीशी धरून उभी होती. ती म्हणाली, "दादा, मावशी म्हणती तसं करू का तुम्ही म्हणता तसं? एक काय ते सांगा. दोघांचं मला न्हाई झेपायचं. मला गुरांचं बघायचंय, पोरांचं डबं करायचंत."

तुम्ही मला खाली वाकायला सांगितलंत आणि सुनंदाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालात, "मरायचं भ्या न्हाई मला. पण पाठ फुटून, वास मारत मरायचं न्हाई. तू बघितलीयत ती माणसं."

मी बघितली होती. खेड्यातून उशिरा आणलेली माणसं, ज्यांच्या पाठीत मूठ जाईल अशी जखम असायची. त्यांची स्वतःची माणसं नाकाला रुमाल लावून दाराबाहेर उभी असायची. तुम्ही रुमाल न लावता जवळ जायचात. तुमचं वय, तुमची साखर, अंगावर न उरलेलं मांस बघता तो डाग एकदा उघडला असता तर मिटला नसता. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "कर तुझं."

तेव्हापासून आठवड्यातल्या दोन-तीन दुपारी मी न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडून राहूला यायला लागलो. मी नसताना सुनंदा आणि तिचे मालक दोघं चादरीला धरून तुम्हाला उचलायचे. अर्धवट कुशीवर, पाठीला उशी. पुढच्या वेळी दुसरी बाजू. पोटऱ्यांखाली गोधडीची घडी, म्हणजे टाचा गादीला टेकणार नाहीत. स्वयंपाकघरातलं घड्याळ सुनंदानं तुमच्या खोलीत आणून लावलं. तुम्ही अंडं खायला कुरकुर करायचात आणि ती म्हणायची, "मावशे, गिळ. तुझ्याच पाठीला जातंय ते."

डाग मात्र हलत नव्हता. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पुस्तकातल्यासारखी दिसत नाही. तुम्ही रंग विचारायचाच नाहीत. विचारायचात, "गरम हाय का?" मी हाताची मागची बाजू तिथं टेकवायचो, मग बाजूच्या कातडीला, मग पुन्हा तिथं. "गरम आहे, सिस्टर." "कडक?" "थोडं." तुम्ही हुंकार भरायचात. येणाऱ्या प्रत्येक दुपारी भीमेचा पूल आला की मी गाडी हळू करायचो. आज बोट लावेन आणि ओलं लागेल, असं वाटायचं.

त्या दिवसांतल्या दुपारी तुम्ही हळूहळू इथं कमी आणि तिथं जास्त असायला लागलात. झोप आणि जाग यांच्यामधल्या कुठल्याशा जागी तुमचा वॉर्ड अजून चालू होता. डोळे मिटलेले, उजवा हात चादरीवरून चालतोय, आणि तुम्ही विचारताय, "खिडकीजवळच्या आबांना वळवलं का?"

"वळवलं."

"खालचं ओलं न्हाई ना?"

"कोरडं आहे. बदललंय."

"आन् तो मणक्याचा?"

"त्याला आता घेतो."

सुरुवातीला मी तुमचं समाधान म्हणून उत्तरं द्यायचो. पुढे पुढे मलाही तो वॉर्ड दिसायला लागला. ऊस सळसळायचा आणि वाटायचं, कुणी चादर झटकतंय. पडद्यातून आलेली उन्हाची पट्टी जमिनीवरून सरकत जायची, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर. आपण दोघं तिच्या मागून चालायचो. तुम्ही पुढे, तुमची पांढरी साडी, बुटांचा आवाज न करता. ज्या माणसांची नावं मी विसरलो होतो ती एकेक करून मान वळवून बघायची. कितीदा तर मला डुलकी लागायची आणि सुनंदा चहा घेऊन आली की कळायचं, की खोलीत एकच खाट आहे.

अशाच एका दुपारी खोलीत पाय टाकला आणि स्पिरिटचा वास आला.

तुम्ही झोपला होतात. बाहेर गोठ्यापाशी जाऊन सुनंदाला गाठलं. "चोळतेस का तिथं?"

ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "न्हाई वो दादा. तुम्ही न्हाई म्हणलाय तिथं हात लावत न्हाई मी. बाटलीचं झाकण नुस्तं उघडं ठेवते. वास आला की मावशीला बरं वाटतं. आन् खांद्यावर चोळते. तिला वाटतं, सगळी पाठ चोळली."

मी तिला सांगितलं, खांद्यावर चोळ, खुशाल चोळ. मनात मात्र मला तुमचं वाईट वाटलं. तुम्हाला फसवलं जातंय आणि त्यात मी सामील आहे, असं.

त्यानंतर काही दिवसांनी तुमची जाग स्वच्छ होती. जीभही हलकी होती. मी मागे येऊन बसलो तशा म्हणालात, "सुनंदाला माकडहाड कुठं असतं ते एकदा शिकव. खांद्यालाच चोळत बसती येडी."

मी विचारलं, "तुम्ही सांगितलं नाहीत तिला?"

"कशाला? खालचं गार पडलंय का बघ."

मी हाताची मागची बाजू टेकवली. बाजूच्या कातडीला लावली, पुन्हा तिथं लावली. घाई न करता तिसऱ्यांदा लावली.

"गार आहे, सिस्टर. मऊ आहे."

"मंग ऱ्हाऊ दे तिला खांद्यावर," तुम्ही म्हणालात, आणि डोळे मिटलेत.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. वाद जिंकल्याचं काही माझ्या मनात नव्हतं, तुमच्याही चेहऱ्यावर हरल्याचं काही नव्हतं. मला सांगायचं होतं, की मेथी निवडताना मी जे बोललो ते बरोबर होतं पण अर्धंच होतं. हाक मारता न येणाऱ्या माणसाच्या खाटेपाशी दमलेली पोरगी दुपारच्या झोपेच्या वेळी आपण होऊन जात नाही. तिला तिथं न्यायला काहीतरी लागतं. पुस्तकात 'वळवा' एवढंच लिहिलेलं असतं. तुमच्या हातात ट्रे असायचा, आणि ट्रे निघाला की कुणाचीच पाठ सुटायची नाही. चोळणं चूक होतं, पण त्या चुकीनं आम्हा सगळ्यांना प्रत्येक खाटेपाशी नेलं. हे मला त्या दुपारी नीट जुळवून सांगता येत होतं. पण तुमचा श्वास संथ लागला होता, उन्हाची पट्टी तुमच्या खांद्यावर आली होती आणि वाटलं, पुढच्या खेपेला सांगू.

पुढच्या खेपेआधी सुनंदाचा फोन आला. पहाटे झोपेतच गेली मावशी, म्हणाली.

मी पोचलो तेव्हा बायका तुम्हाला आंघोळ घालत होत्या. अंगणात चर्चचे पाळक, सुनंदाचे मालक आणि गावातली चार माणसं उभी होती. त्यांच्यात जाऊन मी उभा राहिलो. दार उघडून सुनंदा बाहेर आली, कोपरापर्यंत ओली. ती कुणाशी काही न बोलता सरळ माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "दादा, कुठंच फुटली न्हाई. टाचा पण बघितल्या. घोटं बघितलं. आरशासारखी हाय पाठ."

पाळकांना वाटलं असेल ही दुःखानं काहीतरी बोलतेय. ते तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले. मी गोठ्याकडे तोंड करून उभा राहिलो. तुम्ही गेल्याचं मला तेव्हा कळलं, फोनवर कळलं नव्हतं.

तुम्हाला शिरूरला आणलं. कबरीवरची माती अजून नीट बसलेली नाही. मी रोज कामावर जातो. नव्या मुलींचा वर्ग आहे आणि लवकरच हा विषय येईल. लाल जागी चोळायचं नाही आणि चुंबळ द्यायची नाही, हे मी सांगणार आहे. तुमच्यासाठीसुद्धा मी ते बदलणार नाही. मग दरवर्षीप्रमाणे कुणीतरी विचारील, की मग जुन्या सिस्टर का चोळायच्या? आजवर मी म्हणायचो, तेव्हा माहीत नव्हतं, आणि फळा पुसायचो. ते उत्तर आता पुरणार नाही. खांद्यावरच्या हाताबद्दल तुम्ही सुनंदाला एक शब्दही बोलला नाहीत. मी माझं उरलेलं अर्धं बोललो नाही. आपलं भांडण तसंच राहिलं आहे. फक्त आता तुमची बाजू मांडायला मी एकटा आहे.